समुद्र आठवा

ताणतणाव व्यवस्थापनावर व्याख्यान होतं.
पाहुणे पुण्याचे, आवाज मऊ, बूट कोरे.
म्हणाले, डोळे मिटा. समुद्र आठवा.
सभागृहात आम्ही दीडशे जण डोळे मिटून,
आणि शेजारून निखत कुजबुजली,
'मैं तो देखीच नई.'
मी तरी कुठे पाहिला होता?
मी माजलगावचं धरण आठवलं,
तेही आटलं होतं त्या सालचं,
बुडालेल्या घरांचे चौथरे वर आलेले
आणि त्यांच्यावर कुणाच्या तरी शेळ्या.
श्वास आत. श्वास बाहेर.
गेला का ताण? त्यांनी विचारलं.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

अंबाजोगाईची जानेवारीतली थंडी हाडात शिरते म्हणतात.
हाडं तर माझ्या पलंगाखालीच आहेत,
पत्र्याच्या पेटीत, अर्धा संच,
सीनियरकडून साडेचार हजारांना घेतलेला.
मांडीच्या हाडावर कुणीतरी निळ्या शाईनं बाण काढलेत,
झोपेत हात खाली गेला की गार लागतं.
पहिला आठवडाभर भ्यायचे.
आता बोलते त्याच्याशी,
सांग की बाबा, तुझ्या पाठीला काय काय चिकटतं,
तुलाच ठाऊक असणार, मला कशाला विचारतात.

पहिल्या चाचणीत पन्नासपैकी सोळा.
बारावीला सगळे विषय मिळून एवढे गेले नव्हते.

गावी स्टँडसमोर माझा फ्लेक्स लागला होता,
नावाआधी 'भावी डॉक्टर', खाली अठ्ठावीस शुभेच्छुक,
त्यातल्या चौघांना मी ओळखत होते.
दिवाळीला गेले तर तो
रखमाजी काकाच्या कडब्याच्या गंजीवर पांघरलेला,
माझा चेहरा वर, उन्हात,
दात तेवढे शाबूत.
काका म्हणाला, लई टिकाऊ निघाला गं तू.

आईचा फोन रोज नऊला.
काय करायलीस?
अभ्यास करायले.
जेवलीस?
व्हय.
दोन्ही उत्तरं खोटी,
आणि तिला दोन्ही कळतात,
म्हणून ती म्हशीचं सांगत बसते बराच वेळ.

रात्री दोनला पंचफुलाबाई ताटावर उलथनं वाजवते.
पाणी आलं गं पोरींनो!
तीन दिवसांनी आलंय.
सगळं हॉस्टेल उठतं, शाली गुंडाळून, बादल्या घेऊन,
टॉपरही आणि आम्ही सोळावालेही,
तळमजल्यावर एकच नळ, करंगळीएवढी धार.
भरलेली बादली घेऊन तिसरा मजला.
जिन्याच्या एका वळणाला आठ पायऱ्या.
निखत मागून म्हणाली, मनगटातबी आठच हाडं.
मग पायरीला एक,
स्कॅफॉईड, ल्युनेट,
ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म,
दम लागतोय, कडी बोटात रुतते,
ट्रपेझियमला अडखळले
आणि अर्धं पाणी संघमित्राताईच्या चपलांवर.

ती शेवटच्या वर्षाला. आता ओरडणार.
तिनं पाय झटकले, बादलीत डोकावली.
म्हणाली, मी बी दोनदा बसले ॲनाटॉमीला.
काठोकाठ कशाला भरतीस?
अर्धी भर. खेप वाढू दे.

चार खेपा झाल्या. चार वेळा मनगट,
शेवटच्या खेपेला न अडखळता,
खरं तर एकदा, हॅमेटला.
तेवढ्यानं सोळाचे वीस होत नाहीत,
व्हायवा शुक्रवारी आहे,
आणि छातीतलं ते धडधडणं
बादलीबरोबर वर आलंच माझ्या मागोमाग.
पण भूक लागली होती, कितीतरी दिवसांनी.
डब्यात दशमी होती, कारळाची चटणी,
पहाटे तीनला उभ्यानं खाल्ली.

कोपऱ्यात बादलीतलं पाणी थोडं हलत राहिलं,
त्यात बल्ब, बल्बात मी.
समुद्र असाच असतो का गं, लहान केला तर?
विचारायला वळले,
निखत कधीच झोपली होती,
तोंड उघडं,
ओठांवर बहुतेक पिसिफॉर्म.