घ

साडेदहाला हत्तरगीचा मेसेज: काय बे, झालं का?
झालेलं नाही.
चौदा प्रायोजक रांगेत उभे आहेत,
प्रत्येकाला कोपरा हवाय
आणि फ्लेक्सला कोपरे चारच.
प्राचार्यांचा फोटो सकाळी तिकिटाएवढा होता.
दुपारी उपप्राचार्य म्हणाले, जरा ठसठशीत करा.
आता त्यांच्या चष्म्यात ट्यूबलाइट दिसते.

पडघम. तीन दिवसांचं संमेलन,
गड्डा उठल्यानंतरच्या आठवड्यात,
जेव्हा गावाचे डोळे आधीच रंगांनी दमलेले असतात.
मला एकच लाल हवा होता.
प्रचाराचा नाही, सेलच्या पाटीचा नाही,
चादरीच्या काठातला,
पाच धुण्यांनंतर उरतो तो.
अंगावरची चादर ओढून स्क्रीनला लावली,
आकडे सरकवत राहिलो.
चादर लालच राहिली,
स्क्रीन विटेवर जाऊन थांबली.
बरं, वीट तर वीट.

बाराला फॉन्ट फुटला.
सगळे रफार गळाले, वेलांट्या पुढच्या घरात गेल्या,
प्राचार्यांचे नुसते पाचाय उरले.
मग सगळं पुन्हा टाइप केलं, एकेक अक्षर,
शेजारच्या खोलीत अम्मा सुपात हजार मोजत होती,
तिचे आकडे माझ्या ओळींत शिरत होते.
बारा पन्नासला फाईल जिलानीभाईंना पाठवली.
दहा बाय वीस. सकाळी आठला हवंय.

एकला नायना आले.
भुवयांवर कापसाची पूड, हातात रिकामा डबा.
पूर्वी ते नक्षा काढायचे, आलेखाच्या कागदावर,
घर भरलं की धागा वर, घर रिकामं की खाली,
एका मोरासाठी अकरा रात्री.
आता मोर पेनड्राइव्हमधून येतो,
नायना तुटलेलं सूत जोडतात.
डबा न ठेवताच ते स्क्रीनपुढे वाकले.
चौथीपर्यंत तेलुगू शाळा. मराठी त्यांना येते
ती पगाराची, बसच्या पाटीची.
बोट काचेला न टेकवता म्हणाले,
तप्पु.
कुठं?
इथं. कालच्याला डोक्यावर गाठ नव्हती.
ह्याला आहे.

मी वाचलं. मग पुन्हा वाचलं, वाचायचं नाही असं ठरवून.
पडधम.
दहा फूट रुंद, विटेच्या रंगात,
संपूर्ण कॉलेजच्या कमानीवर
पडधम.

मशीन चालू असलं की जिलानीभाई फोन घेत नाहीत.
नायनांची सायकल काढली, सीट अजून गरम होती.
विडी घरकुल ते सात रस्ता,
वाटेत दोन कुत्री आणि एक शटर अर्धं उघडं.
मशीनचं डोकं इकडून तिकडे जात होतं,
धोट्यासारखं म्हणणार होतो,
पण धोटा सगळ्या गल्लीला जागं ठेवतो,
हे बिचारं कुजबुजत होतं.
प्राचार्य नाकापर्यंत छापून झाले होते.
थांबवा, मी म्हटलं.
ते म्हणाले, साडेतीन फुटाचे पैसे लागतील.
लागू द्या.

संमेलन झालं. कमानीखालून तीन दिवस गर्दी गेली,
कुणी मान वर करून म्हटलं नाही, वा, घ बरोबर आहे.
हत्तरगी एवढंच बोलला, लाल थोडा कमी पडला बे.

नाकापर्यंतचे प्राचार्य घरी आणले.
अम्मा त्यांच्यावर मांडी घालून विड्या वळते,
कपाळावर ओली पानं, चष्म्यात तंबाखू.

रविवारी नायना जेवताना थांबले,
भाकरीचा तुकडा चटणीत तसाच.
काय लिहिलेलं बाबा त्या नक्ष्यात?
मी सांगितलं. पडघम.
त्यांनी तोंडात एकदा घोळवून पाहिलं.
पडगम, म्हणाले,
आणि मान हलवली, बरोबर असल्यासारखी.