झोल

राजमल्लू यमुल बोटाच्या पेरानं
ताण्यातला झोल ओळखायचा.
माग बंद, शेड गप्प.
"हितं झोल हाय," म्हणाला
की आम्ही बीम पुन्हा आवळायचो.

त्याचा नातू साखर पेठेच्या कोपऱ्यावर
गाडीवर आडवा बसून फोनात सांगतो,
"झोल झाला बे, तिच्या अण्णानं बघितलं."
त्याच्या झोलात सूत नाही,
एक निळा स्कार्फ आहे फक्त.

वाढीवसाठी आम्ही गेटवर बावीस दिवस बसलो होतो.
मिळाला तो आठ रुपये.
परवा माझा लग्नातला कोट बघून हाच पोरगा म्हणाला,
"काका, वाढीव दिसायलाव की!"
मी उगाच खिसा चाचपला.

राजमल्लूचे कान मागांनी खाल्ले.
नातवाची भानगड मी त्याला ओरडून सांगितली,
त्यातला एकच शब्द पोचला.
चष्मा पुसत विचारलं, "कुठल्या मागावर?"

"चौदा नंबर, ताता," पोरगं हसत म्हणालं.
चौदा नंबर कधीच भंगारात गेला.

म्हाताऱ्याची दोन बोटं
हवेतल्या हवेत सरकत गेली, थांबली.
"मग आवळ की.
बघत काय बसलास?"