नमुन्याचा तिसरा भाग

नमुन्याचे तीन भाग करतात.
एक खाणवाल्यांचा, एक वीजवाल्यांचा,
तिसरा कापडी पिशवीत, गाठीवर लाखेचं सील,
माझ्या पत्र्याच्या कपाटात. सरकारचा.
वाद झाला तरच उघडायचा.
अकरा वर्षं किल्ली माझ्याकडं आहे,
अजून एकदाही वाद झालेला नाही.

म्हणजे भांडणं होतात. वाद होत नाही.

सतरा मार्चला साइडिंगवर रेक लागला.
अब्दुलगनी शेखसंदी डब्यावर चढला,
फावडं मारून वरनंच ओरडला,
"म्याडम, टपकतोय की बे!"
(माझ्याशी बोलतानाही त्याला बे सुटतं,
मी मनावर घेत नाही.)

एकशे आठ अंशावर नमुना सुकवायचा.
वजन आधी, वजन नंतर,
मधे जे गेलं ते पाणी.
आई कडक भाकरी अशीच करते,
तव्यावरनं काढून चुलीच्या कडेला उभी,
पाणी पुरतं जाईतोवर.
तिला काटा लागत नाही,
बोटानं वाजवून बघते.

कागदावर ओलावा अकरा टक्के.
भट्टीतनं निघाला सतरा.
अडतीसशे टनांवर सहा टक्क्यांचा फरक,
दोनशे अठ्ठावीस टन पाणी
कोळशाच्या दरानं घेतलेलं,
रेल्वेचं भाडं भरून आणलेलं
अशा गावात, जिथं नळ पाचव्या दिवशी येतो
आणि तोही पहाटे तीनला.
पाठकोऱ्या कागदावर मी टँकर मोजले.
तेवीस. शेवटचा थोडा रिकामा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात
ऊर्जा विभागाची पाहणी समिती आली.
उपसचिव खासनीस बाई
चपला काळ्या होण्याची पर्वा न करता ढिगावर चढल्या.
"साठा किती दिवसांचा?"
"बारा," आमचे साहेब म्हणाले.
"पाण्यासकट की पाणी सोडून?"
लांबवर बुलडोझर तेवढा घुरघुरत होता.
मला त्या बाई आवडल्या.
फायलीवर शेरा मारला: तपासून सादर करावे.
कुणी, कुणाला, कधीपर्यंत,
तेवढं लिहायचं राहिलं.

त्याच रात्री पूर्व भागात लाइट गेली.
शेजारच्या नरसप्पा कोंडाचे चारही माग एकदम गप्प.
इतकं शांत झालं
की त्याचं तान्हं पोरगं दचकून उठलं, रडायला लागलं.
खटखटीशिवाय झोप कशी असते ते त्याला ठाऊक नाही.
भिंतीपलीकडनं नरसप्पानं विचारलं,
"कोळसा संपला का वो तुमचा?"
"आहे," मी म्हटलं. "ओला आहे."
तो हसला. अर्धा टॉवेल मागावर तसाच,
किनार लागायची बाकी.

तिसरा भाग तीस दिवस ठेवायचा,
वाद नोंदवला नाही तर नष्ट करायचा, असा नियम.
तीस दिवस मी मुंबईच्या टपालाची वाट बघितली.
एकतिसाव्या दिवशी पत्र आलं:
साठ्याची माहिती विहित नमुन्यात सादर करावी.

नमुना हा शब्द वाचून
हात आपोआप किल्लीकडं गेला.
त्यांचा नमुना म्हणजे तक्ता होता,
आठ रकाने.
ओलाव्याला रकाना नव्हता.

सील तोडलं. पाचशे ग्रॅम भुकटी.
जाळायच्या आधी, गरज नसताना, सवयीनं
चिमूटभर भट्टीत ठेवली, वजन केलं.
चार टक्के.

सोलापूरचं ऊन, पत्र्याचं कपाट, कापडाची पिशवी.
सरकारच्या ताब्यात पुरावा वाळून गेला होता.
वाद झाला असता तर
आम्ही हरलो असतो, माझ्याच सहीनं.

उरलेली भुकटी जाळली.
काय सुरेख पेटली, काय सांगू.
रजिस्टरात लिहिलं: नष्ट केला.
शेऱ्याच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकवून ठेवलं,
नुसता ठिपका उमटला.

निघताना रिकाम्या कपाटाचं दार
बोटानं वाजवून बघितलं.
पुरतं वाळलेलं.