बाजू दोन

कुणी म्हणालं, त्या खरखरीतच खरी मजा,
तर मी त्याला दुकानात स्टुलावर बसवतो
आणि अख्खी साठची कॅसेट ऐकवतो.
मजा नाही. टेप खराब आहे.
आमच्याच अप्पांनी केलेली, म्हणून सांगतो.

साल ब्याऐंशी, निपाणी,
तंबाखूच्या वखारीमागची खोली.
माईक वेगळा नव्हताच, टेपच्या पोटात होता.
टेप तेलाच्या डब्यावर,
डबा पेटीला खेटून.
त्यामुळं पेटी पोटभर ऐकू येते,
भात्याची धाप ऐकू येते,
शिवलिंग बडिगेरच्या बोटातली अंगठी
पट्टीवर टकटकते तीसुद्धा येते,
आणि गौराक्का माळगे
शेजारच्या घरात गातेय असं वाटतं,
दार लावून.

त्यात सेल उतरत चाललेले.
मोटर दमली की फीत हळू सरकते,
आणि हळू भरलेलं नंतर वाजताना पळतं,
एवढं शास्त्र मला पुढं कळलं.
पन्नाशीची गौराक्का
गाण्यागणिक लहान होत
शेवटी बारा वर्षांची पोर होते.
तिचा आवाज जाडा होता म्हणतात,
कढईच्या बुडासारखा, धुरकट.
तो आता कुठंच नाही.
बिड्या वळणाऱ्या बायकांतल्या दोघी-तिघी उरल्यात,
त्यांच्या कानात असेल तर असेल.

गाणं मात्र.
(हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.)
वरच्या सुराकडं ती चढत नाही.
पायरीवर बसते,
तो खाली उतरेपर्यंत थांबते.
मग हात धरते त्याचा.

बाजू एक संपते तेव्हा शेवटचं कडवं चालू आहे.
खट्.
अप्पांनी कॅसेट काढली, उलटली, घातली,
दोन बटणं एकदम दाबली.
तोवर ती थांबली नव्हती.
बाजू दोन सुरू होते ती अशी:
...ळे
आणि त्या ळे वर ती इतका वेळ राहते
की आतलं सगळं फिरून येते,
माजघर, परसू, विहीर,
आणि समेवर येताना हात ओले असतात.

कशाचा ळे?
वीस वर्षं मी शब्द लावून बघतोय.
डोळे बसतं. निळे बसतं.
जाळे ओढून-ताणून.
मळे चालीत चपखल बसतं,
पण तिच्याकडं कुठले मळे.
भाच्यानं कॉम्प्युटरवर घालून साफ करून दिलं.
खरखर गेली, जाताना
सगळे स आणि श घेऊन गेली.
गौराक्का बोबडी झाली.

शेवटी संकेश्वरला गेलो.
मिरचीचा हंगाम, सगळं गाव शिंकतंय.
शिवलिंग बडिगेर खाटेवर, चौऱ्याऐंशी वर्षांचे,
अंगठी अजून बोटात.
मोबाईल कानाशी धरला त्यांच्या.
डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाले,
'पेटी भारी वाजलीया की गा.'

मग ळे आला.
'नाळे,' म्हणाले लगेच. 'नाळे गा. उद्या.'
'गाणं तर मराठी होतं ना?'
'होतं की. तिची आई हुक्केरीकडची.
उद्या म्हटलं की तोंड मिटतं,
मिटल्या तोंडानं किती वेळ गायचं?
नाळे म्हणायची. मोकळं राहतं.'
'आणि त्याच्या आधी? नाळे काय?'
त्यांनी खूप वेळ आठवलं.
'त्याच वक्ताला तुझा अप्पा मधी आला बघ,
कॅसेट घेऊन. मी त्येच्याकडंच बघत होतो.'

परतीच्या एसटीत कानाला लावून
पुन्हा पुन्हा तेवढंच ऐकलं.
तवंदीचा घाट उतरेपर्यंत
स्पष्ट नाळे होतं.
निपाणी स्टँडला उतरताना
परत डोळे.