एक घर

निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीत स्पर्धा.
पोती कधीच गेली, वास तेवढा राहिलाय;
दर दोन-चार खेळ्यांनी कुणीतरी शिंकतं
आणि पंच चष्म्यावरून बघतात.

समोर सहना पट्टणशेट्टी, गोकाकची, वय अकरा.
पाय जमिनीला पोचत नाहीत, झुलतात.
तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं.
मी एकच.

बाबांच्या खेळात प्याद्याला
पहिल्या चालीलाही दोन घरं नसत.
वडगावात मागाशेजारी, फरशीवर खडूनं पट आखून
ते ओरडून सांगायचे, "एक घर जा की! पळून कुठं जातीस?"
त्या एका घराला फ्रेंच बचाव म्हणतात
हे मला पस्तिशीत कळलं.

घोडा काढला. तिच्या प्याद्यानं हाकलला.
आला परत, दाराशी उभा राहिला,
आणि त्याच्यामागं माझा उंट,
माझ्याच प्याद्यांनी कोंडलेला.
मधली घरं गच्च, ताणा भरल्यासारखी.
सहना ओठांत मोजत होती : ओंदु, एरडु, मूरु...
पाचव्यापर्यंत मीही तिच्याबरोबर मोजत होते,
साडीच्या गिऱ्हाइकांसमोर मोजते तशी.

एकोणिसाव्या खेळीला कडेचं एक प्यादं, एक घर.
विसाव्या खेळीला उंट
मागच्या बोळातून बाहेर.
तिचे पाय झुलायचे थांबले.

पुढचं नीट सांगता येत नाही.
हत्ती मोकळ्या पट्टीत आला, तिचा राजा कोपऱ्यात,
मी वजीर ठेवला, हात मांडीवर घेतला,
माग बंद केल्यावर घेतात तसा,
आणि घड्याळ दाबलंच नाही.
ती बोलली नाही. बोलायचं नसतंच.
चार मिनिटं मी तिच्या खेळीची वाट बघत
माझाच वेळ संपवला.

सह्या झाल्या. तिनं मोहरे मागं नेले,
वजिरावर बोट ठेवलं,
"इल्ली नीव गेल्तिद्री, अक्का."
इथं तुम्ही जिंकत होता.
दोन्ही भाषांत ते होतं भूतकाळातच,
तरी संकेश्वर येईपर्यंत मी ते घोळवत राहिले.

घरी पोचायला नऊ वाजले. मागांनी बाबांचे कान नेलेत;
हरलीस का जिंकलीस, ते विचारत नाहीत.
भुवया उंचावल्या. "उंट?"

ताटाशेजारी पाणी सांडलं होतं.
त्यातूनच बोटानं मी तिरकी रेघ ओढली,
टेबलाच्या कडेपर्यंत.