येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही

माझी रात्रपाळी सुरू होते तेव्हा टाकळा पानं मिटतो,
दुकानाचं शटर ओढावं तशी.
तीन जोड्या, सहा पानं.
सकाळी सातला मी काठी खुंटीला लावतो,
तेव्हा तो उघडतो.
खुडायची वेळ तीच:
दूधवाला जाऊन गेलेला, ऊन अजून भिंतीपलीकडे.

आईनं भाज्या शिकवल्या त्या जव्हारच्या माळावर.
म्हणायची, टोकदार पानाशी सोयरिक नाही,
तो कासविंदा. गोल पानाचा तो आपला.
चुरडून वास घे. उग्र आला तरी घाबरू नको.

आईनं मालाड पाहिलं नव्हतं.
इथे भाजी ओळखून भागत नाही,
जागा ओळखावी लागते.

ट्रान्सफॉर्मरमागची तजेलदार, पण तिथे तेल झिरपतं.
गाड्या धुतात त्या उतारावरची साबण पिऊन वाढलेली.
बी विंगच्या पाइपाखालचा कुर्डू सगळ्यात कोवळा,
का कोवळा ते प्लंबरला विचारा.
कुत्र्यांचा कोपरा सोडायचा,
जिन्यामागे उंदरांच्या गोळ्या, तेही सोडायचं.
उरते पाठची भिंत, बावन्न पावलं.
पलीकडे शाळा, तिच्या पन्हळीतून नुसता पाऊस सांडतो.
तेवढी माझी.

डबा उघडला की लिफ्टवाला यादव नाक धरतो,
मग जवळा घातलेला टाकळा अर्धा तोच संपवतो.
चौदाव्या मजल्यावरही टाकळा येतो,
प्लास्टिकच्या डबीत, वर किमतीचं लेबल.
आणणाऱ्या पोराची मी सही घेतो, वर सोडतो.

तळमजल्याच्या ब्रिजेट आंटीचे पाय सुजतात.
खिडकीतून विचारते,
"काशी, घेटुळी मिळंल काय रं? माजी आई डाळीत घालायची."
आंटी, डॉक्टरच्या गोळ्या?
"त्या पन खाते. त्यांना चव कुठं हाय!"

ऑगस्टात कुलश्रेष्ठसाहेबांनी नोटीस लावली,
परिसर सुशोभीकरण.
त्या दिवशी मला डबल ड्युटी.
पाठीवर टाकी घेऊन माणूस आला,
मी गेट उघडलं,
वहीत लिहिलं:
नाव, मोबाइल.
कोणाकडे: सोसायटी.
काम: गवत.
आत दहा चाळीस, बाहेर अकरा वीस.
जाताना त्यानं पाणी मागितलं, मी दिलं.

तिसऱ्या दिवशी भिंतीची कड चहाच्या रंगाची झाली.
"आज?" आंटीनं विचारलं.
म्हटलं, आता इथलं काही खायचं नाही, औषध मारलंय.
गेट कोणी उघडलं ते सांगितलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मार्व्याला गेलो.
खाडीकाठच्या एका वाडीत, मालकाला विचारून,
विहिरीच्या कठड्याशी पसरलेली घेटुळी मूठभर खुडली.
आंटीनं ती ताटात निवडली, माती झटकली,
अर्धी माझ्या रुमालात परत बांधली.
"रातभर उभा असतोस," म्हणाली,
"पाय तुजे बी हायेत."

गणपती गेल्यावर भिंतीच्या भेगेत
टाकळ्याचं एक रोप दिसलं, करंगळीएवढं.
गोलच पान. वाकून पुन्हा पाहिलं.
खुडलं नाही.
औषध मातीत किती दिवस राहतं
हे आईला ठाऊक असायचं कारण नव्हतं,
मलाही नाही.
यादव म्हणतो एक पावसाळा, पण तो काहीही म्हणतो.

रात्री तीनला, डास मारून कंटाळल्यावर,
वही ओढली आणि लिहिलं:
नाव: टाकळा.
कुठून आले: (रेघ मारली)
कोणाकडे: काशिराम तुंबडा, वॉचमन.
काम: (हेही सुचलं नाही)
आत: माहीत नाही, मी डुलकीत असेन.
बाहेर: ही जागा मोकळी ठेवली.

साहेब एक तारखेला वही तपासतात.
आज अठ्ठावीस.