पायऱ्या किती?

मी आता दरी-बिरी विचारत नाही.
समुद्र किती लांब, सूर्यास्त कुठल्या खोलीतून,
ते सगळं फोटोत असतंच
आणि फोटोत सगळ्यांचं आभाळ सारखंच निळं.
मी फोन लावतो नि विचारतो,
पायऱ्या किती?

महाबळेश्वरचा म्हणाला, साहेब, व्हॅली व्ह्यू!
म्हटलं, हो, पण पायऱ्या?
फार नाहीत, म्हणाला.
फार नाहीत म्हणजे किती,
हे आईच्या डाव्या गुडघ्याला विचारावं लागतं.
तारकर्लीचा म्हणाला, जेमतेम दहा-बारा.
दहा आणि बारा यांच्यात
दोन पायऱ्या असतात, भाऊ.
भंडारदऱ्याचा तर थेट तंबूच्या चेनवर घसरला,
काजवे, शेकोटी, रात्रीचं चांदणं.
आभार मानून फोन ठेवला.

आमच्या स्वतःच्या चौसष्ट.
नेरुळ, सेक्टर दहा, सिडकोची इमारत,
चौथा मजला, लिफ्ट नाही.
शहाऐंशी साली सोडतीत नंबर लागला तेव्हा
बाबांनी पेढे वाटले होते :
वरचा मजला, वारा येईल!
वारा येतो.
आई दिवाळीनंतर खाली उतरलेली नाही.
गॅलरीतून भाजीवाल्याला टोपली सोडते,
दोरीला गाठी मारल्यात, मजल्यागणिक एक.

हर्षदाने वही घातली आहे.
गाव, भाडं, कमोड,
कठडा उजवीकडे की डावीकडे,
जवळचा डॉक्टर.
ओजसला स्विमिंग पूल हवा, त्याचाही एक रकाना,
ज्यात अजून फक्त फुल्या.
आईला विचारलं, तुला कुठे जायचंय?
शेंगा सोलता सोलता म्हणाली,
"जिथे मला कुणी धरणार नाही."
ह्याला रकाना कुठला,
हर्षदाने पेन टेकवलं, उचललं.

मग रविवारी दुपारी केळशीला फोन.
तोडणकर बाई.
"पायऱ्या? अगो बाई, कधी मोजल्याच नाहीत.
थांबा हं."
आणि फोन तसाच ओटीवर ठेवून गेल्या.
मी स्पीकर लावला.
चपला लांब गेल्या,
एक कुत्रं दोनदा भुंकलं, कुकरची शिट्टी,
आणि ह्या सगळ्याच्या पाठीमागे
काहीतरी सारखं येत होतं, परत जात होतं.
आईचा हात शेंगेवर थांबला.
ओजस म्हणाला, फोन कट झाला का?
"गप्प," आई म्हणाली.

"तीन," बाई परत आल्या, जरा धापा टाकत.
"म्हणजे अडीच म्हणा, खालची फुटल्ये.
आणि आधीच सांगत्ये,
खोलीतून समुद्र दिसत नाही.
समोर शेजाऱ्यांचा टेम्पो लागतो.
तो फोटो भाच्याने गच्चीवरून काढलाय.
गच्चीला अठरा. त्याही मोजून आल्ये,
म्हटलं, विचारलंत तर."

"हीच," आई म्हणाली.
अगं, पण टेम्पो. अगं, पूल नाही. अगं, निदान अजून एक-दोन
"हीच. बाई उठून गेली ना मोजायला."

हर्षदाने पैसे पाठवले.
वहीची उरलेली पानं ओजसने विमानांसाठी फाडली.

रात्री पाणी प्यायला उठलो
तर दाराची कडी निघालेली.
चौथ्या नि तिसऱ्याच्या मध्ये,
वळणाच्याही खाली, आई पायरीवर बसली होती,
काठी मांडीवर आडवी,
दिव्याचं बटण तिने दाबलं नव्हतं.
"अकरा झाल्या," म्हणाली.
"वर यायच्या अजून अकरा आहेत.
तू आत जा."

आत गेलो नाही.
धरलंही नाही.
जिन्याच्या जाळीतून वारा येत होता,
बाबा म्हणाले होते तसा.